पानाची तांबडी चमक आणि कर्करोगाचे औषध

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना आरे-वारेच्या चढावरून दोन्ही किनारे आणि सुरूचे बन एकदम नजरेत येते. याच परिसरातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात आम्ही एक प्रयोग पाहिला. हापूसच्या पानांचा स्पिरिटमध्ये काढलेला अर्क मुलांनी उकळत्या पाण्यात बाटली ठेवून तापवला होता. त्यावर नोटा तपासण्याची जांभळी विजेरी धरली की अर्क तांबडा चमके. वर तक्ता होता : 'आंब्याच्या पानांतील कार्बनबिंदू – कर्करोगावर उपाय'. एका बाईंनी तक्ता वाचून मुलाला विचारले, "बाळा, हे औषध रत्नागिरीत मिळेल काय?" मुलगा गोंधळला. आम्हीही अस्वस्थ झालो.

तक्त्यामागे खरे संशोधन आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. 2004 साली अमेरिकेत काजळीतून कार्बनच्या नलिका वेगळ्या करताना चमकणारे सूक्ष्म कण हाती लागले. हेच कार्बनबिंदू. त्यांचा आकार साधारणतः 10 नॅनोमीटरहून लहान. ते पाण्यात सहज मिसळतात. ज्या क्वांटम बिंदूंसाठी 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांपैकी अनेकांत कॅडमियमसारखा विषारी धातू असतो. कार्बनबिंदूंत तो नसतो. म्हणून पेशींची चित्रे घेणे, औषध वाहून नेणे अशा कामांसाठी त्यांचा अभ्यास चालू आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी 2017 साली आंब्याच्या पानांपासून ग्राफीनचे क्वांटम बिंदू बनवून पेशींचे चित्रण आणि पेशीच्या आतील तापमानाचे मापन यांवरील काम प्रसिद्ध केले. तांबडा प्रकाश शरीरात निळ्यापेक्षा खोल शिरतो. अंधारात विजेरीवर तळहात ठेवा. पलीकडे येतो तो तांबडाच. अशा कामात तांबड्या चमकेला महत्त्व आहे ते यामुळे.

मग मुलांचे चुकले कोठे? पहिली चूक प्रयोगातील. कोणत्याही हिरव्या पानाचा ताजा अर्क त्या विजेरीखाली तांबडाच चमकतो, कारण त्यात हरितद्रव्य असते. तापवल्यावर हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते, अर्क तपकिरी पडतो, तरी तांबडी चमक राहते. तेव्हा तापवलेला अर्क चमकला एवढ्यावरून कार्बनबिंदू तयार झाले, असे म्हणता येत नाही. ही अडचण केवळ शाळेची नाही. सायट्रिक आम्लापासून केलेल्या काही कार्बनबिंदूंची बरीचशी चमक प्रत्यक्षात सोबत तयार झालेल्या लहान रेणूंची असते, असे प्रयोगशाळांतही आढळले आहे. म्हणून सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून लहान रेणू गाळून काढावे लागतात आणि उरलेले कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

दुसरी चूक मथळ्यातील, आणि ती अधिक गंभीर. पेशी दिसणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. काचेच्या बशीतील पेशी, मग उंदीर, मग माणूस असा हा लांबचा रस्ता आहे. किती मात्रा चालते, कण शरीरात कोठे साठतात, मूत्रावाटे बाहेर पडतात की नाही, हे प्रत्येक टप्प्यावर तपासावे लागते. कार्बनबिंदू अजून रुग्णालयातील नेहमीचे औषध झालेले नाहीत.

दोष मुलांचा नाही. 'फळांच्या सालीपासून कर्करोगाचे औषध' असे मथळे मोठी माणसे छापतात. मुले ते उतरवून घेतात. शिक्षकांनी एवढे करावे : आंब्याचा तापवलेला अर्क, न तापवलेला अर्क आणि पालकाचा अर्क अशा तीन बाटल्या शेजारी ठेवाव्यात. स्पिरिटजवळ ज्योत नसावी; विजेरी डोळ्यांवर धरू नये. तिन्ही बाटल्या तांबड्या चमकल्या की 'मग कार्बनबिंदू ओळखायचे कसे?' हा प्रश्न मुलेच विचारतील. तक्त्यावर तोच प्रश्न लिहावा. त्या बाईंना खोटी आशा तरी लागणार नाही.