गुप्त कागदपत्रांचे प्रामाण्य : जर्मनी व रशियन क्रांती

पहिल्या महायुद्धात रशियामध्ये क्रांती घडवून आणण्यासाठी जर्मनीने केलेल्या गुप्त प्रयत्नांची कागदपत्रे झेमान यांनी १९५८ साली संपादित करून प्रसिद्ध केली. अमेरिकन सरकारने १९१८ मध्ये प्रकाशित केलेले सिसन कागद बनावट असल्याचे केनन यांनी १९५६ साली सिद्ध केले होते. त्यामुळे जर्मन परराष्ट्रखात्यातील या अस्सल साधनांचे मोल निर्विवाद होय.

तथापि कागद अस्सल असला म्हणजे त्यातील विधान खरे ठरते, असे नाही. मार्च १९१५ मध्ये पार्वुसने संप व उठाव यांची विस्तृत योजना जर्मन सरकारला सादर केली. जानेवारी १९१६ मध्ये उठाव होईल, असे आश्वासन देऊन त्याने दहा लक्ष रुबल मिळविले. उठाव मात्र झाला नाही. पुढे मार्च १९१७ मध्ये झारशाही कोसळली, ती युद्धाने व भाकरीच्या टंचाईने गांजलेल्या पेत्रोग्राडच्या कामगार-सैनिकांमुळे. त्यानंतर एप्रिलमध्ये जर्मनीने लेनिनला आपल्या भूमीतून जाऊ दिले, हे खरे. पण ही वाट त्याला क्रांतीनेच मोकळी केली होती.

डिसेंबर १९१७ मध्ये परराष्ट्रमंत्री क्यूलमान यांनी बोल्शेविकांच्या वाढीचे श्रेय जर्मन पैशाला दिले. हे निवेदन सम्राटासाठी होते, हे विसरता कामा नये. पैसा मागणारा भविष्य फुगवितो, पैसा देणारा भूतकाळ फुगवितो. म्हणून असे कागद हेतूचा भक्कम पुरावा ठरतात. परिणामाचा पुरावा मात्र अन्यत्रच शोधावा लागतो.