पाठ फिरवलेला तपस्वी

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळील मळवलीस हलला. या छापखान्याने छापलेले पहिले चित्र म्हणजे ‘शकुंतला-जन्म’. राजवाड्यांच्या दिवाणखान्यांपुरती राहिली असती ती तैलरंगांची कला, दगडावरून एकामागून एक रंग उमटत, सामान्यांच्या भिंतीवर आली. पवित्र कुटुंबाची व मरियामातेची जी छापील चित्रे आपल्या घरांत आहेत, तीही बहुतांशी याच युरोपीय वळणाची. म्हणून या चित्राचा विचार येथे अप्रस्तुत ठरू नये.

प्रसंग सर्वपरिचित आहे. मेनका नवजात कन्येला पुढे करीत आहे आणि विश्वामित्र हात उंचावून तोंड फिरवीत आहेत. महाभारताच्या आदिपर्वात मात्र मेनका मुलीला मालिनी नदीच्या तीरी ठेवून इंद्राकडे परतते. तेथे पित्याच्या नकाराचा हा देखावा नाही. चित्रकाराने तो योजला आणि कथेचा सारा भार एका हातावर आणून ठेवला.

हा हात आम्हांस थोडा नाटकी वाटतो. आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर मंडया भरतात, दंडारी होतात, झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. तेथे शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत पोहोचावे म्हणून नटाला हात असाच उंच न्यावा लागतो. भिंतीवर हातभर अंतरावरून पाहावयाच्या चित्राला इतक्या आवेशाची गरज नसते. चित्राचा हा दोष मान्य करूनही त्याची पकड सुटत नाही. तिचे कारण एका फ्रेंच चित्राशी तुलना केली असता स्पष्ट होते.

विल्यम बुगेरो (१८२५–१९०५) हे फ्रान्समधील त्याच वळणाचे नामवंत चित्रकार. त्यांचे ‘व्हीनसचा जन्म’ (१८७९) हे सुमारे तीन मीटर उंचीचे चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. समुद्रातून आलेली देवता शिंपल्यावर विवस्त्र उभी आहे. भोवती जलदेवता व बालके आहेत. हात निर्दोष, रंग निर्दोष, त्वचेची कांती तर अद्भुत. पण हा जन्म असूनही त्यात अर्भक नाही, वेदना नाही, कोणावर जबाबदारी नाही. व्हीनस केवळ पाहिली जाण्यासाठी जन्मली आहे. पाहणाऱ्याकडे तिचे काही मागणे नाही. आमचा आक्षेप नग्नतेपेक्षा या रितेपणाला आहे.

बुगेरोंना दुःख ठाऊक नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. १८७५ साली त्यांचा तरुण मुलगा वारला. पुढल्याच वर्षी त्यांनी मृत ख्रिस्ताला कवटाळून बसलेली मरिया रंगविली. काळ्या वस्त्रातील ती माता थेट आपल्याकडे पाहते, आणि त्या नजरेपुढे आपण निव्वळ प्रेक्षक राहू शकत नाही. तोच कुंचला, तीच शैली; फरक पडला तो मागणीमुळे.

‘शकुंतला-जन्म’ही असेच काही मागते. त्यातील अर्भक कोणीतरी घ्यावे म्हणून पुढे केले आहे. विश्वामित्रांना आपले तप जपावयाचे आहे. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या आम्हां धर्मगुरूंना हे चित्र म्हणूनच अधिक बोचते. लेकरांना अडविणाऱ्या शिष्यांनाही आपण गुरूचा मान राखीत आहोत असेच वाटले असेल. प्रभू रागावले ते त्यांच्यावर. अविवाहित मुलीच्या कुशीत मूल आले की आपली सुप्रतिष्ठित कुटुंबेही घराण्याच्या नावासाठी असाच हात उंचावतात, आणि त्या नकाराला पावित्र्य म्हणतात.

कथेतील उत्तर चित्राच्या चौकटीबाहेर आहे. पक्ष्यांनी राखलेल्या त्या मुलीला कण्व मुनींनी उचलून घेतले. कण्वही तपस्वीच होते. मूल कडेवर घेतल्याने त्यांचे तप उणावले, असे कोणी म्हटलेले नाही. रविवर्मा यांनी कण्वांना चित्रात घेतले नाही, हे आम्हांस योग्य वाटते. मेनकेचे हात अजून पुढेच आहेत, आणि मूल घेणाऱ्याची जागा पाहणाऱ्यासाठी मोकळी आहे.