शास्त्र्यांचा खून आणि ‘बनाव’ हा शब्द

युद्धाच्या निमित्तांवरचे मराठी लेखन वाचताना एक शब्द मला वारंवार खटकतो : ‘बनाव’. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून इंग्रजांनीच घडवला, असे व्याख्यानांतून ठामपणे सांगितले जाते. टाळ्या पडतात. पुरावा मात्र कोणी पुढे ठेवत नाही.

खरा बनाव कसा असतो ते पाहावे. 31 ऑगस्ट 1939 च्या रात्री हिटलरच्या माणसांनी पोलिश हल्लेखोर असल्याचे सोंग घेऊन ग्लायवित्झचे जर्मन रेडिओ केंद्र ताब्यात घेतले. दुसऱ्या पहाटे पोलंडवर फौजा घुसल्या. मुकदेनजवळ 18 सप्टेंबर 1931 रोजी जपानी अधिकाऱ्यांनी आपल्याच रेल्वेमार्गावर स्फोट घडवला. रुळांचे नुकसान इतके किरकोळ, की थोड्याच वेळात त्यावरून गाडी गेली! टोन्किनच्या आखातात 4 ऑगस्ट 1964 ला तर हल्ला झालाच नव्हता. तरी तीन दिवसांत अमेरिकन संसदेचा ठराव तयार.

शास्त्र्यांची गोष्ट या रांगेत बसत नाही. ते गायकवाडांचे कारभारी, कंपनीची हमी घेऊन पेशव्यांशी हिशेब मिटवायला पुण्यास आलेले. जुलै 1815 मध्ये पंढरपुरात विठ्ठलाचे दर्शन घेऊन परतताना त्यांच्यावर घाला पडला. रेसिडेंट एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळची लेणी पाहत होता. आपल्याच उपयोगाचा माणूस त्याने मारवावा, याला माझ्या वाचनात आधार सापडत नाही. मृत्यू खरा होता.

पण इथेच थांबून इंग्रजांना दोषमुक्त करणारेही चुकतात. बनाव खुनात नव्हता, खुनाच्या वापरात होता. संशय त्रिंबकजी डेंगळ्यांवर. संशयाला जागा होती, हे मी नाकारत नाही. परंतु साक्षी-पुरावे जमवणारा एल्फिन्स्टन, निष्कर्ष काढणारा तोच, आणि आधी अटक मागणारा तोच. उघड चौकशी, जबाब-उलटतपासणी असे काही झालेच नाही. त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाले, 1816 च्या सप्टेंबरात निसटले, आणि जुने प्रकरण पुन्हा ताजे झाले. मे 1817 मध्ये एल्फिन्स्टनने त्यांना महिन्याभरात हवाली करा आणि तोवर सिंहगड, पुरंदर, रायगड तारण द्या, असे बजावले. एका माणसासाठी तीन किल्ले!

13 जून 1817 चा पुण्याचा तह माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद आहे. त्याच्या पहिल्याच कलमात त्रिंबकजीच खुनी, हे पेशव्यांकडून मान्य करून घेतले. न्यायालयाने ठरवायची गोष्ट तहाने ठरवली. त्याच कागदावर बाजीरावांना मराठा सरदारांचे प्रमुखपणही सोडावे लागले. शास्त्र्यांच्या रक्ताशी या कलमाचा काय संबंध? आमचे टीकाकार हा प्रश्न फारसा विचारत नाहीत; खुनी कोण, यातच रमतात.

पाच महिन्यांत, 5 नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. पळतापळता बाजीराव नागपूरकर आप्पासाहेबांच्या आशेने चांद्याच्या वाटेला लागले आणि 17 एप्रिल 1818 रोजी आमच्या पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सने त्यांना गाठले. इथल्या शेतकऱ्याला पंढरपूरच्या त्या खुनाचे काय घेणेदेणे होते! पुढे जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. त्रिंबकजीही सापडले. त्यांना चुनारच्या किल्ल्यात ठेवले, तिथेच ते वारले. खटला मात्र तेव्हाही चालला नाही.