अबोल माणसाची पत्रे

जी. ए. कुलकर्णी यांच्याविषयी लिहिणारा बहुधा दोन गोष्टी सांगितल्यावाचून पुढे सरकत नाही. एक काळा चष्मा आणि दुसरी धारवाड. सभा-संमेलनांपासून दूर राहिलेला, छायाचित्रांना आणि मुलाखतींना नाखूश असलेला प्राध्यापक, हे चित्र एकदा रंगवले की तेथून कथांकडे जाणारी वाट अगदी सोपी होते. माणूस एकाकी, म्हणून कथा काळोख्या. माणूस गूढ, म्हणून कथा गूढ. हे समीकरण मीही अनेक वर्षे मानत आलो. आता ते मला पटेनासे झाले आहे, आणि का पटेनासे झाले ते सांगण्यासाठी हा लेख.

अडचण शब्दापासून सुरू होते. ‘अंतर्मुख’ हा शब्द मराठीत मानसशास्त्रातून आलेला नाही. इंद्रियांची धाव बाहेरच्या दिशेने असते, एखादाच विवेकी पुरुष दृष्टी आत वळवतो, हा विचार थेट कठोपनिषदापर्यंत मागे जातो. त्या परंपरेत अंतर्मुख होणे ही साधना आहे, माणसाने प्रयत्नपूर्वक करायची कृती आहे. आजही निवडणूक हरलेल्या पक्षाने अंतर्मुख व्हावे असा सल्ला अग्रलेखातून मिळतो, तो याच अर्थाने. कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात व्यक्तिमत्त्वाचे जे दोन प्रकार मांडले, त्यांतल्या एकासाठी आपण हाच शब्द वापरला. युंग यांना मात्र साधना अभिप्रेत नव्हती. माणसाच्या मानसिक ऊर्जेचा स्वाभाविक ओढा वस्तूंकडे आणि माणसांकडे आहे की स्वतःच्या आतल्या जगाकडे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यात पुण्य नव्हते, तसा दोषही नव्हता.

आपल्याकडे मात्र शब्दाबरोबर दोन्ही आले. संतमहात्म्यांच्या बाबतीत अंतर्मुखता हा गौरव झाला, आणि शेजारच्या घरातला गप्प मुलगा घुम्या, एकलकोंडा, माणूसघाणा ठरला. लेखकाच्या वाट्याला यातले काय यावे, हे त्याच्या कीर्तीवर अवलंबून राहिले.

यात आणखी एक गल्लत मिसळते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ इलेन एरन यांनी १९९६ साली अतिसंवेदनशील माणसांवर पुस्तक लिहिले. काही माणसे आवाज, प्रकाश, वास, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा बारीकसा बदल हे सारे इतरांपेक्षा अधिक टिपतात, त्यावर अधिक खोल विचार करतात आणि म्हणून लवकर थकतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या अंदाजाने अशी माणसे शेकडा १५ ते २० भरतात, आणि त्यांपैकी जवळजवळ ३० टक्के बहिर्मुख असतात. म्हणजे हळवेपणा वेगळा आणि अंतर्मुखता वेगळी. भिडस्तपणा हा तर तिसराच प्रकार, कारण भिडस्त माणसाला लोकांत मिसळायचे असते, पण धीर होत नाही. आपली चरित्रात्मक समीक्षा हे तिन्ही एकाच गाठोड्यात बांधते आणि वर दुःखाची गाठ मारते.

आता जी.एं.कडे परत येऊ. ज्याला माणसे नको होती, त्याच्या निवडक पत्रांचे चार खंड होतात हे कसे? पहिला खंड सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे, आणि सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने पुस्तकरूपात आली आहेत. म. द. हातकणंगलेकरांसारख्या मित्रांशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. या पत्रांत पुस्तके आहेत, चित्रे आहेत, थट्टा आहे, टोकाची मते आहेत, समोरच्याची चौकशी आहे. हा माणसांना विटलेल्या माणसाचा आवाज नव्हे. त्यांना नकोसा होता तो संवादाचा एक विशिष्ट प्रकार. व्यासपीठ, हार, ओळख करून देणारे भाषण, मग आभार. मराठी साहित्यव्यवहाराची सवय १८७८ च्या पहिल्या ग्रंथकार संमेलनापासून माणसे एकत्र जमवण्याची आहे. ती सवय चांगलीच. पण जो जमत नाही, त्याला माणसे नकोत असे समजणे ही त्या सवयीची आंधळी बाजू आहे.

साहित्य अकादमीच्या पुरस्काराचेच पाहा. ‘काजळमाये’ला १९७३ चा पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला आणि जी.एं.नी पुरस्कार परत केला. ही घटना अनेकदा त्यांच्या विक्षिप्त एकांतप्रियतेचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला तीत स्वभावापेक्षा नीती दिसते. एखाद्या गप्पिष्ट, सभा गाजवणाऱ्या लेखकाने हेच केले असते, तर आपण त्याला बाणेदार म्हटले असते. गप्प माणसाच्या निर्णयामागे विचार असू शकतो हे मान्य करायला आपण कचरतो. त्याचे सारे काही स्वभावाच्या खात्यावर जमा करतो.

कथांकडे वळल्यावर तर हे समीकरण पुरतेच कोसळते. ‘स्वामी’ ही ‘पिंगळावेळ’मधली कथा घ्या. एका वाटसरूला मठात नेतात, त्याची बडदास्त ठेवतात आणि भूमिगत खोलीत कायमचे कोंडतात. खाणेपिणे, ग्रंथ, शांतता, एकांतप्रिय माणसाला हवे असे सारे तेथे आहे. तरीही ती कोठडीच आहे, कारण तो एकांत त्याने मागितलेला नाही. त्या अंधारात तो काय करतो? वेल वाढवतो आणि तिला बाहेरच्या उजेडाची वाट दाखवतो. एकटेपणाची पूजा मांडणाऱ्या लेखकाला हा वेल सुचला नसता. निवडलेला एकांत आणि लादलेली कोंडी यांतला फरक इतका स्वच्छ दाखवणारी कथा मराठीत मला दुसरी माहीत नाही.

‘कैरी’मध्ये एक पोरके मूल मावशीच्या घरी येते आणि त्या घरातले दुःख त्याला हळूहळू दिसत जाते. मोठी माणसे जे बोलत नाहीत ते त्याला कळते. त्या मुलाचा हळवेपणा दुबळा नाही, ते कथेचे डोळेच आहेत. कोकणात लवकर तयार होणाऱ्या भाताला हळवे भात म्हणतात आणि उशिरा येणाऱ्याला गरवे. हळवे उंचवट्याच्या हलक्या जमिनीत लावतात, गरवे पाणी धरणाऱ्या खोलगट खाचरात. शेतकरी हळव्याला कमअस्सल म्हणत नाही. त्याला कुठे लावायचे एवढे त्याला ठाऊक असते.

पण एवढ्यावर थांबलो तर माझी मांडणी अर्धवट राहील. गेल्या काही वर्षांत उलट टोकाची पुस्तकेही आली आहेत. गप्प माणूस म्हणजे खोल माणूस, हळवा म्हणजे श्रेष्ठ, असे त्यांतली काही सांगतात. हा सापळा मला माहीत आहे, कारण मी त्यात अडकलो होतो. काही वर्षांपूर्वी माझा एक जुना मित्र गेला. घरी गर्दी असेल, रडणे असेल, मला सोसणार नाही, असे म्हणून मी गेलो नाही. मनात जी.एं.चा दाखला होता. तेही कुठे जात नसत! त्या दाखल्याने मला फार बरे वाटले. पुढे पत्रांचे खंड पुन्हा वाचायला घेतले तेव्हा ध्यानात आले की मी अर्धाच दाखला घेतला होता. जाणे टाळण्याची मुभा मी उचलली, आणि त्याबरोबर येणारे काम, म्हणजे बसून, वेळ देऊन, समोरच्या माणसासाठी लिहिणे, ते सोडून दिले.

स्वभाव स्वीकारणे म्हणजे आपल्याला जमेल त्या वाटेने माणसांपर्यंत पोहोचणे, असा अर्थ मी आता घेतो. जी.एं.च्या कथांवर लिहिताना काळा चष्मा बाजूला ठेवावा आणि त्यांची पत्रे जवळ घ्यावीत, असे मला म्हणायचे आहे ते यासाठी. मित्राच्या पत्नीला मी अखेर पत्र लिहिले. दोन वर्षे उशिरा, सहा पाने. तिचे उत्तर आठवड्यात आले. ते तिने आठ पानांचे लिहिले होते.