जेनची उमेदवारी

न्यूझीलंडच्या राजधानीत, वेलिंग्टनच्या मिरामार भागात, ‘वेटा’ या नावाने ओळखली जाणारी कलावंत मंडळी काम करतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तीन चित्रपटांतली चिलखते, हत्यारे आणि राक्षस त्यांनीच घडविले. त्यामुळे जगात त्यांचे नाव झाले. पण याच मंडळींनी कॅनडाच्या नेल्व्हाना कंपनीच्या जोडीने मुलांसाठी एक चित्रमालिकाही काढली. ‘जेन अँड द ड्रॅगन’ हे तिचे नाव. 2005 साली ती सुरू झाली आणि तिचे अवघे 26 भाग निघाले. एवढ्याशा मालिकेला वीस वर्षांनंतर कोणी विचारू नये. कार्टूनचे आयुष्य ते किती! पण तेव्हाची मुले आज नोकरीधंद्याला लागली असूनही त्यांपैकी काहीजण ही मालिका पुन्हा काढून पाहतात, जेनची चित्रे काढतात, तिच्या पुढच्या आयुष्याच्या गोष्टी रचतात. असे का व्हावे, याविषयी आम्हांस जे वाटते ते येथे मांडतो.

कथा मूळची मार्टिन बेंटन यांची. हे लेखक-चित्रकार जन्माने इंग्लंडचे, पुढे न्यूझीलंडमध्ये येऊन राहिले. त्यांचे पुस्तक 1988 साली निघाले. जेन ही राजवाड्यातल्या कारभाऱ्याची मुलगी. आई राणीच्या तैनातीत असलेली मानाची बाई, आणि मुलीनेही तेच व्हावे हे ठरून गेलेले. जेनला मात्र शिलेदार व्हायचे असते. सारे हसतात. हसत नाही तो एकटा दरबारचा विदूषक. चिलखत तिला तोच देतो. पुढे राजपुत्राला ड्रॅगन पळवून नेतो, जेन त्याला सोडवायला जाते, आणि लढाई चालू असता दोघांच्या ध्यानात येते की एकमेकांना मारावे असे दोघांच्याही मनात नाही. लोकांची तशी अपेक्षा म्हणून ड्रॅगन राजपुत्र पळवतो. लोकांच्या अपेक्षेखातर जेन भरतकाम करीत होती, तशातलेच हे. राजा खूश होऊन तिला शिलेदारीच्या शिक्षणाची परवानगी देतो.

मालिका खरी सुरू होते ती यानंतर, आणि आमच्या मते तिचे मर्म इथेच आहे. पराक्रम आधीच होऊन गेला. आता उरली ती उमेदवारी. सर थिओडोर या वृद्ध सरदाराच्या हाताखाली रोजचा सराव, नियम, आज्ञा, चुका, बोलणी. जेन हट्टी आहे, रागीट आहे, आपलेच खरे मानणारी आहे, आणि दर दोन भागांआड ते तिच्या अंगाशी येते.

इतर नायिका आठवून पाहा. जपानच्या ‘सेलर मून’मध्ये (1992) शाळकरी पोरीला एक जादूचा दागिना मिळतो आणि ती क्षणात वीरांगना होते. ‘मुलान’ (1998) शूर खरी, पण तिला पुरुषाचा वेष घ्यावा लागतो. आपल्याकडच्या ‘छोटा भीम’मधली चुटकी हुशार आहे, पण लोकांच्या लक्षात राहते ती भीमाला लाडू देणारी म्हणून. जेनजवळ जादू नाही, तिने वेषही पालटलेला नाही. लाल कुरळे केस मोकळे सोडून ती सगळ्यांसमोर शिकते आणि सगळ्यांसमोर पडते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला सर्वांत जास्त भीती कशाची, तर चारचौघांत फजिती होण्याची. जेनची फजिती होते, आणि दुसऱ्या सकाळी ती पुन्हा मैदानात हजर असते. हे पाहिलेले मूल ते विसरत नाही.

आम्ही मुंबईत साडेतीन वर्षे नर्सिंग शिकलो. आपल्या समाजातल्या मुली परिचारिका आणि शिक्षिका होत आल्या त्याला कितीतरी पिढ्या झाल्या, तरी ‘पोरीला दुसऱ्यांची घाण काढायला पाठवता?’ हे वाक्य आमच्याही घरी ऐकू आले होतेच. पहिले कित्येक महिने चादरींचे कोपरे दुमडण्यात आणि बेडपॅन धुण्यात गेले. त्यामुळे जेनच्या वाट्याला येणारे कंटाळवाणे काम खरे कोणते आणि लटके कोणते हे आम्हांस चटकन कळते. बहुतेक खरे आहे.

राजवाड्यातली इतर तरुण मंडळीही कामकरी आहेत: मुदपाकखाना सांभाळणारी पेप्पर, लोहार स्मिदी, माळी रेक, गाणी रचणारा विदूषक. प्रत्येकाला आपले काम येते आणि त्याचा अभिमान आहे. जेनचा प्रतिस्पर्धी गुंथर हाही उमेदवारच, लोभी व्यापारी मॅग्नसचा मुलगा. बाप त्याला वाईट कामाला लावतो आणि पोराला ते पुरते साधत नाही. त्याला सरळ खलनायक न केल्याबद्दल लेखकाचे कौतुक करावे तेवढे थोडे.

चित्रांविषयी मात्र मतभेद संभवतो. नटांच्या अंगावर खुणांचे पोषाख चढवून त्यांच्या हालचाली यंत्राने टिपायच्या आणि त्या चित्रांना द्यायच्या, अशी ही रीत. चालणे-धावणे त्याने जिवंत होते. चेहऱ्यांचे मात्र तसे नाही. कधी कधी ते लाकडी बाहुल्यांसारखे दिसतात. रंगीत पेन्सिलीने रेघा ओढल्यासारखे पृष्ठभाग केले आहेत, त्यामुळे पुस्तकाचे पान हलते आहे असे वाटते, आणि तो लाकडीपणा बराचसा झाकला जातो.

आमची मुख्य तक्रार आईविषयी आहे. राणीची तैनात म्हणजे झगे आणि नखरे, असाच मालिकेचा सूर आहे. दुसऱ्याच्या अंगाला हात लावून त्याची सेवा करणे, न सांगता त्याची गरज ओळखणे, ऐकलेले पोटात ठेवणे, हेही शिकावे लागते आणि त्यालाही वर्षे लागतात. तलवारीची उमेदवारी एवढ्या मायेने दाखवणाऱ्यांना आईची उमेदवारी दिसू नये, याचे आश्चर्य वाटते. शिवाय हे ज्या देशात घडले तो न्यूझीलंड. परिचारिकांची सरकारदरबारी नोंद करणारा कायदा जगात सर्वांत आधी येथे 1901 साली झाला, आणि 1902 च्या जानेवारीत एलन डॉगर्टी यांचे नाव त्या नोंदवहीत पहिले लागले. सेवा हा शिकून, परीक्षा देऊन मिळवायचा हुद्दा आहे, हे इथल्या लोकांना कोणी सांगायला नको होते. मुलीने आईचा मार्ग नाकारावा, जरूर नाकारावा. पण त्यासाठी तो मार्ग पोकळ ठरवण्याची गरज नव्हती.

ड्रॅगनचे वय तीनशे वर्षांच्या वर. माणसांना तो ‘अल्पायुषी’ म्हणतो. थट्टेतच म्हणतो, पण रुग्णालयात आयुष्य गेलेल्या माणसाला ती थट्टा थोडी लागते. जेनच्या लेखी शिकण्याची वर्षे संपता संपत नाहीत. ड्रॅगनच्या लेखी ती डोळ्याची पापणी लवण्याइतकी. दोघे दिवसभर बरोबर असतात आणि या एका बाबतीत एकमेकांना कधीच पुरते समजत नाहीत. लहान मुलांना हे जाणवत नसेल. मोठेपणी पुन्हा पाहणाऱ्यांना जाणवते, आणि ती पुन्हा पाहण्याचे हेही एक कारण असावे.

26 भाग होऊनही जेन शिलेदार झालेली नाही. शपथ नाही, समारंभ नाही. पुढचे भाग निघाले असते तर कदाचित झाली असती, आणि मग कोणी तिच्या गोष्टी रचल्या नसत्या. वीस वर्षे ती तशीच मैदानात उभी आहे, सकाळच्या सरावाला.