खर्च कोणाचा?

शेतकरी आत्महत्यांवरील संशोधन आपण निष्कर्षापासून वाचतो. खर्च कोणाचा, हे पाहत नाही. ज्या बीटी कापसावरून पुढे आत्महत्यांचा वाद पेटला, त्याचे उत्पादन 80 टक्के अधिक असल्याचे कैम व झिल्बरमन यांनी 2003 साली ‘सायन्स’मध्ये मांडले. आकडे जालन्याच्या महिकोच्या चाचण्यांतले होते. लेखात तशी नोंद होती, म्हणूनच टीका करता आली.

सरकारही तटस्थ नाही. आत्महत्या ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे त्याचीच समिती ठरवते, एक लाखाची मदतही तेच देते. म्हणून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 2005 सालचा अहवाल उच्च न्यायालयाच्या आदेशातून आला, ही नोंद निष्कर्षाइतकीच मोलाची.

पैसा घेतल्याने संशोधन खोटे ठरत नाही; तो लपवल्याने वाचकाचा तपासण्याचा हक्क जातो. भोकरदनच्या एखाद्या घरी ‘अपात्र’ शेरा पोचतो, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.