भयकथेचे रूपांतर आणि भोर-वेल्ह्याचा मुलूख

मराठी भयकथेला कथाकारांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती रूपांतरकारांची, आणि ज्यांनी हे काम अंगावर घेतले त्यांच्यातही भय नेमके कशात वसते हे ओळखून ते कागदावरून पडद्यावर अथवा ध्वनिक्षेपकावर आणणारे फार थोडे. नारायण धारप (१९२५–२००८) हे स्वतःच थोर रूपांतरकार होते. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' आणि 'इट'वरून 'शपथ' लिहिताना परकीय कथानकाला त्यांनी इथल्या मातीत असे रुजवले की त्याचे मूळ शोधण्याची गरज सामान्य वाचकाला कधी भासलीच नाही.

त्यांच्या 'आजी' या कथेचेही बीज किंगचेच, आणि तिचे पुढे जे झाले ते रूपांतराच्या कलेचा अभ्यास करणाऱ्याने मुद्दाम पाहावे असे आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची कथा प्रथम वाचली नाही, ऐकली. १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राने ती त्यांना सांगितली, आणि ते ऐकलेले भय पंचवीस वर्षे मनात वागवून त्यांनी २०१८ साली 'तुंबाड' पडद्यावर आणला. त्या चित्रपटातील सर्वांत भीषण प्रसंग मला राक्षसाचा वाटत नाही. साखळदंडांनी जखडलेली ती म्हातारी, तिच्यापाशी एकटा सापडलेला पोरगा आणि तिला निजवणारे ते एक नाव, जे त्या पोराला ऐन वेळी आठवत नाही, यांतच सारे भय साठलेले आहे, आणि डोळे मिटून ऐकले तरी ते तसूभर उणे होत नाही. खऱ्या पावसासाठी अनेक पावसाळे थांबलेल्या, सासवडच्या वाड्यात चित्रित झालेल्या या मराठी कथेला वाणी मात्र हिंदी मिळाली, ही खंत उरतेच.

दूरचित्रवाणीवर रत्नाकर मतकरींचे 'गहिरे पाणी' आले, धारपांचे 'ग्रहण' आले. पण मालिकेच्या भागांची सक्ती भयाला मानवत नाही. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) हा चित्रपट रूपांतर नव्हे, तथापि नुसत्या उसाच्या फडातून केवढी दहशत निर्माण करता येते याचा तो उत्तम दाखला आहे.

अल्प साधनांनी हे काम कसे साधते ते अमेरिकेतील एच. पी. लव्हक्राफ्ट हिस्टॉरिकल सोसायटीने दाखवले आहे. २००५ साली या हौशी मंडळींनी 'द कॉल ऑफ कथुलू' हा मूकपट केला, तो जणू भयकथाकार लव्हक्राफ्टची मूळ कथा प्रसिद्ध झाली त्याच काळात निघाला असावा अशा कृष्णधवल शैलीत. आणि पुढे जुन्या नभोनाट्यांच्या धर्तीवर लव्हक्राफ्टच्या कथांच्या श्रुतिकाही काढल्या. द्रव्याच्या अभावाची त्यांनी तक्रार केली नाही. त्या अभावातूनच आपली शैली घडवली. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ पासून चालू आहे आणि श्रुतिकेची विद्या आपल्याकडे मुरलेली आहे, तेव्हा हे आपल्याला अशक्य मुळीच नव्हते.

अशा श्रुतिकेला साजेसा मुलूखही आपल्याकडे आहे, तो भोर-वेल्ह्याचा. भोर संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि तिथल्या संस्थानिकांचा, पंतसचिवांचा, राजवाडा चित्रीकरणासाठी येणाऱ्या मंडळींचा आवडता झाला. परंतु ही मंडळी त्याच्याकडे आयता देखावा म्हणून पाहतात. या मुलखाला स्वतःचे भय आहे, हे त्यांच्या गावीही नसते. भाटघरच्या जलाशयात बुडणारे कांबरेश्वराचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते; तोरण्यावर मेंगाईच्या देवळात मुक्कामाला जाणाऱ्यांना ब्रह्मपिशाच्चाच्या हकिगती आजही ऐकवल्या जातात; आणि आषाढात वेल्ह्याच्या खोऱ्यात धुके उतरले म्हणजे चार हातांवरचे माणूस दिसत नाही, फक्त त्याची चाहूल लागते. जिथे निसर्गच डोळ्यांवर पडदा ओढून कानांवर सारी भिस्त टाकतो, तिथे श्रुतिकेहून योग्य माध्यम ते कोणते?

म्हणून कोणा तरुण मंडळीने कथेच्या हक्कदारांची रीतसर परवानगी घेऊन धारपांची एकच कथा निवडावी, ती वेल्ह्यातल्या एखाद्या जुन्या घरात भर पावसात ध्वनिमुद्रित करावी, संवाद मावळी बोलीतल्या माणसांकडूनच म्हणवून घ्यावेत, पार्श्वसंगीताचा मोह कटाक्षाने टाळावा, आणि कथाकाराने जे सांगितलेले नाही ते आपण होऊन सांगू नये.